एम, पी, वाय आणि एस

ताडकळस
८ जानेवारी २०२५

सौ. शिवकन्या हिला आबाचे आशीर्वाद पोचोत.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोन का केला नाही, हे तुला ठाऊकच आहे. डावा कान आधीच गेला होता, आता उजव्यानंही अंग काढून घेतलंय. कोणी शिरा ताणून ओरडलं तरच काहीतरी आत शिरतं. मागच्या वेळी तू फोनवर बराच वेळ बोललीस आणि मी आपला 'छान, छान' करत होतो. नंतर कळलं की तू जावयांच्या तापाबद्दल सांगत होतीस. म्हणून म्हटलं, जन्मभर गावचं पोस्ट सांभाळलं, आता पोस्टानं आपल्याला सांभाळावं.

काम असं आहे. आपल्या रोडवरच्या शेतात माऊली आणि परमेश्वर मिळून लग्नाचं लॉन्स काढत आहेत. मंगल कार्यालय म्हणायचं नाही, लॉन्स म्हणायचं, अशी मला ताकीद आहे. अक्षय तृतीयेला उद्घाटन, आणि पहिलं लग्न आपल्या परमेश्वरचंच. करवली म्हणून तू आठ दिवस आधी यायचं आहेस, ते वेगळं सांगत नाही.

आता नावाचं बघ. देवाचं नाव दिलं तर म्हणे परभणीची गिऱ्हाइकं येत नाहीत. इंग्रजीच पाहिजे. आणि इकडं सध्या अशी पद्धत पडली आहे की पोरांच्या नावांची पहिली अक्षरं ज्यात येतील असा इंग्रजी शब्द शोधायचा. माणिकरावनं तिन्ही पोरांची अक्षरं घालून बियाण्याच्या दुकानाचं नाव 'रॉकेट' ठेवलंय. कोणाचं अक्षर कुठं आहे, ते प्रत्येक गिऱ्हाइकाला पाटीवर बोट लावून दाखवतो.

आपली अक्षरं एम, पी आणि वाय. माऊलीचा एम, परमेश्वरचा पी, आणि वाय नातवाचा, योगीराजचा. मध्ये दुसरी कोणतीही आली तरी चालतील. परमेश्वरनं मोबाईलवर शोधून एक शब्द आणला, तो कसल्यातरी रोगाचा निघाला. मी म्हणालो, इंग्रजी शिकवणारी लेक असताना यंत्राला कशाला विचारता. तेव्हा माझी लाज राख.

तुझा,
आबा

*

राणीसावरगाव
१५ जानेवारी २०२५

तीर्थरूप आबा, तुम्हाला आणि आईला वाकून नमस्कार.

तुमचं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. मुलं पाकिटाभोवती गोळा झाली. सरकारी नोटीस सोडून माणसाला माणसाचं पत्र येतं, हे त्यांना नवीनच होतं.

पण त्या दिवसापासून मला चैन नाही. तुम्ही तीन अक्षरं लिहून मोकळे झालात, इकडं माझ्या डोक्यात ती नुसती गिरक्या घेत आहेत. औषधाच्या बाटलीवर, गंगाखेडच्या दुकानांच्या पाट्यांवर, साबणाच्या कागदावर, जिकडं नजर जाईल तिकडं मी अक्षरं मोजते. परवा हे जेवताना काहीतरी विचारत होते आणि मी त्यांच्या शर्टाच्या खिशावरचं नाव वाचत बसले होते. ते म्हणाले, तुझ्या आबांना सांग, पुढच्या वेळी सोपं काम पाठवा.

शेवटी चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून अक्षरं केली आणि नववीच्या पोरींपुढं टाकली. हलवाहलव करता करता ध्यानात आलं की एम आणि पी बहुतेक शेजारी शेजारीच बसतात. भाऊच ते. वायला शेवटची जागा आवडते. आणि हो, यादीत तुम्ही एस लिहायचा विसरलात. तो मी घातला. पत्र लिहिताना आई जेवायला बोलावत असेल, घाईत राहिला असेल.

चार अक्षरांनी पहिला शब्द जमला तो सिम्प्टम, म्हणजे दुखण्याचं लक्षण. मग सिम्पथी. लग्नाच्या मांडवावर 'सहानुभूती' लिहिलेलं वाचून काही नवरदेवांना बरं वाटेल, पण बुकिंग मिळणार नाही. मग पेमेंट्स निघाला, हा माऊलीला आवडेल. आणि काल प्रार्थनेच्या वेळी, ऐन राष्ट्रगीतात, मला शब्द सापडला. सिम्फनी. खूप वाद्यं एकत्र, एका सुरात वाजतात त्याला म्हणतात. चारही अक्षरं आहेत. मी एवढी खूश झाले की शेजारच्या मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या.

सिम्फनी लॉन्स. कसं वाटतंय? लवकर कळवा. उत्तर येईपर्यंत माझे हे पुठ्ठे काही सुटणार नाहीत.

तुमची,
शिवकन्या

*

ताडकळस
२७ जानेवारी २०२५

सौ. शिवकन्या, आशीर्वाद.

पत्र मिळालं. मला ऐकू येत नसल्यामुळं मी मोठ्यानं वाचतो असं घरचे म्हणतात, तेव्हा सगळ्या घरानंच ते ऐकलं. सिम्फनी सगळ्यांना आवडलं. सूनबाईनं तर लगेच मोबाईलवर नाव लिहून त्याला फुलं लावली.

फक्त एक बारीक गोष्ट आहे. त्यातला एस जरा जादा होतोय.

आता रागावू नकोस, नीट वाच. परमेश्वरचा एक दोस्त आहे, तहसीलच्या आवारात कागदं लिहून देतो. तो म्हणाला, पाटीवर ज्याचं अक्षर त्याचा हिस्सा, उद्या कोर्टात पाटीचा फोटो चालतो. मी त्याला वेड्यात काढलं. पण माऊलीच्या मनात ते बसलं. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आबा, दुसऱ्या कुन्या शब्दात येस आला असता तर बात वेगळी व्हती. ताईनं तर लिहूनच दिलंय की येस तिचा हाय म्हून." आता यावर मी काय बोलणार. तू लिहिलं नसतंस तर एस आपला गुपचूप बसला असता.

तेव्हा एस नसलेला एखादा बघ. तुझ्यासाठी काय अवघड आहे.

दुसरं. शेत पोरांच्या नावावर झाल्याशिवाय बँक पुढं सरकत नाही, आणि बँकेचा वकील तुझं हक्कसोडपत्र मागतोय. सात एप्रिलला माऊली गाडी घेऊन राणीसावरगावला येईल, तुला पूर्णेला रजिस्ट्री ऑफिसात नेईल, सही झाली की घरी जेवून परत सोडील. रीतीप्रमाणं साडीचोळी होईलच. या खेपेला पैठणी घ्यायची असं तो म्हणतोय. तुझ्या आत्यांनीही अशाच सह्या केल्या होत्या, त्यात नवीन काही नाही.

थंडी आहे, जपून राहा.

आबा

*

राणीसावरगाव
३ फेब्रुवारी २०२५

आबा, नमस्कार.

हे पत्र तुम्ही मोठ्यानं वाचणार, मला माहीत आहे. वाचा. पडवीत बसून वाचा.

एस नसलेले शब्द पाठवते. काम सांगितलं आहे तर पुरं करते. एम्प्टी, म्हणजे रिकामं. टेम्पररी, म्हणजे तात्पुरतं. ऑलिम्पिक, आणि कंपनी. पहिले दोन रागानं लिहिले आहेत, खोडत नाही. शेवटचे दोन चांगले आहेत. माऊली तालमीत जायचा, त्याला ऑलिम्पिक आवडेल.

आता माझं ऐका. मागच्या दिवाळीत मीच ह्यांना म्हणाले होते, भावांनी सही मागितली तर मी एका शब्दानं विचारणार नाही. मला नोकरी आहे, घर आहे, शेताचं मी काय करू. ते म्हणाले, तुझी मर्जी. म्हणजे सही द्यायला मी तयारच होते आबा. नुसतं 'ये' म्हटलं असतं तरी आले असते.

पण तुम्ही आधी माझं अक्षर काढलंत. कोणत्याही शब्दात कोणतीही अक्षरं चालतील असं तुम्हीच लिहिलं होतं. टी चालला असता, ओ चालला असता. ज्यांचा आपल्या घराशी संबंध नाही ती सगळी अक्षरं चालली असती. एक एस तेवढा चालत नाही, कारण तो माझा आहे.

तेव्हापासून मी धड बसू शकत नाही. फळ्यावर एस काढला की हात थांबतो. पेपर तपासताना एकाच मुलीला दोनदा गुण दिले. ह्यांच्याशी कारण नसताना भांडले. आईच्या पोटात असल्यापासून ज्या घराला मी 'आमचं' म्हणते, त्या घरात बसून माणसांनी विचार केला की ही पाटीवरून आत शिरेल. मी चोर आहे का?

एकच विचारते. माऊली तुमच्या कानाशी येऊन तसं म्हणाला, तेव्हा तुम्ही त्याला काय उत्तर दिलंत? ते तुम्ही लिहिलेलं नाही.

शिवकन्या

*

ताडकळस
१२ मार्च २०२५

सौ. शिवकन्या, अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र वाचलं त्या दिवशी घरात चूल उशिरा पेटली. तुझी आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मला ऐकू येत नसल्यामुळं हे मला चौथ्या दिवशी कळलं.

पण आता आनंदाची बातमी. सगळं मार्गी लावलंय. मी दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं, पोरगी नाराज आहे, तिच्या मनासारखं करा. बरीच ओढाताण झाली. परमेश्वर लवकर वळला, त्याला लग्नात बहीण पाहिजे. माऊलीला वेळ लागला. शेवटी तोच म्हणाला, "दस्तखत झाल्यावर येसचं काय भेव? घालू द्या की."

तेव्हा नाव सिम्फनीच ठरलं. परभणीहून पाटी करून आणली. एस सगळ्यांत पुढं आणि बाकीच्यांपेक्षा मोठा, सोनेरी. रात्री आतून दिवा लागतो. चारही अक्षरं वेगळ्या रंगात आहेत. मी स्वतः जाऊन बघून आलो. सहीच्या दिवशी येताना रस्त्यात गाडी थांबवून तुला दाखवायची असं माऊलीनं ठरवलंय. पाटी अजून चढवलेली नाही, शेडमध्ये टेकवून ठेवली आहे. सात तारखेला सही, आठला पाटी चढणार.

तुला अक्षर पाहिजे होतं, ते मिळालं. बँकेलाही तोच मुहूर्त दिलाय. पोरांनी आधीच खांब उभे केलेत, हिरवळ लावलीय, पत्रा येऊन पडलाय. आता मागं फिरता येत नाही. जास्त काय लिहू, तू शहाणी आहेस.

आबा

*

राणीसावरगाव
२० मार्च २०२५

आबा, नमस्कार.

पाटीबद्दल वाचलं. तीनदा वाचलं. वर्गातून उठून बाहेर पडवीत जाऊन वाचलं, घरी उभ्यानं वाचलं. आधी मलाही वाटलं की हेच पाहिजे होतं. एक दिवस खूश राहण्याचा प्रयत्न करून बघितला. जमलं नाही.

कारण असं आहे. एस फुकट होता तेव्हा तुम्ही काढून टाकलात. आता त्याला भाव लावला आणि परत देताय. माऊली खरं बोललाय. सहीनंतर एसची भीती नाही. म्हणजे मी शेतात नसले तरच मी पाटीवर चालते.

मला पाटीवर राहायचं नाही. ऑलिम्पिक ठेवा, कंपनी ठेवा, माझी काही हरकत नाही, शब्द मीच दिले आहेत. पाटीवरून माझं अक्षर काढा आणि सातबाऱ्यावर माझं नाव येऊ द्या. शेत तिघांच्या नावावर करा. बँकेला सही पाहिजे ना, मी कर्जाला सही करते. लॉन्स बुडालं तर माझ्या पगारातून जाईल. एवढी जोखीम बहीण घेते म्हणावं त्यांना. हक्क सोडायची सही मात्र मागू नका.

हे मी लिहिलं खरं. पण आबा, मला भीती वाटते. शाळेतल्या मॅडम सांगतात, त्यांच्या नणंदेनं सही दिली नाही तर तिला भाऊबीजेला कोणी बोलावलं नाही. परमेश्वरच्या लग्नाची पत्रिका मला येईल की नाही, याचा विचार करत मी दिवस काढते. शेत गेलं तर मी जगेन. माहेर गेलं तर कुठं जाऊ? सुटी लागली की पिशवी भरून एसटीत बसायचं, हे एवढं एकच मला येतं.

सात तारखेला गाडी दारात उभी राहिली आणि माऊली साडी घेऊन उतरला, तर मी काय करीन ते मला आज सांगता येत नाही. ज्या हाताला राखी बांधली तो हात समोर आला की माझं शिक्षण कुठं पळून जातं कोण जाणे. कदाचित गाडीत बसेन. बसले तर हे पत्र फाडून टाका.

शिवकन्या

*

ताडकळस
२ एप्रिल २०२५

सौ. शिवकन्या हिला आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून झालं आणि तुझी आई कमलबाई समोर येऊन बसली. म्हणाली, मला पत्र लिहायचंय. लग्न झाल्यापासून तिनं मला कधी पत्र लिहायला सांगितलं नव्हतं. अर्ध्या गावाची पत्रं मी लिहून दिली, घरातलं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा आलं. ती सांगते ते मी लिहितो. मला ऐकू यावं म्हणून तिला ओरडावं लागतंय, त्यामुळं आमच्या गल्लीत सध्या दुसरं कोणी बोलत नाही.

"शिवे, मी तुजी आई बोलायलेय. तुजे आबा लिहायलेत. जसंच्या तसं लिव्हा, मदी आपलं काई घालू नगा.

"तुला माहेर जायाचं भेव वाटायलंय, म्हून मला बोलावं लागायलंय. मी बी दस्तखत केलंय. तुज्या मामांनी बैलगाडी पाठिवली व्हती, हिरवं लुगडं आणलं व्हतं, पेढे आणले व्हते. मी इचारलं बी न्हाई कागदावर काय हाय. अंगठा दिला. मला वाटलं, माहेर टिकल.

"त्या साली दिवाळीला लय थाटात न्हेलं. दुसऱ्या साली निरोप आला, पाऊस लय हाय, यिऊ नगं. तिसऱ्या साली निरोप बी आला न्हाई. मी दारात बसून ऱ्हायले. तू तवा लहान व्हतीस, मामाच्या गावाला कदी जायाचं म्हून इचारायचीस. मी म्हनायची, मामाला काम हाय. भाऊ वाईट न्हवते ग. त्यांचं काम झालं व्हतं.

"तवा माहेर दस्तखत न केल्यानं जातं असं कुनी सांगंल तर ऐकू नगं. मी करून बी गेलंच. लुगडं बी लय दिस पुरलं न्हाई.

"ह्ये घर तुज्या भावांचं हाय तसं माजं बी हाय. मी हाय तवर तुजं माहेर हाय. गाडी आली तर बसू नगं. लग्नाला मातर ये. पत्रिका न्हाई आली तरी ये. तुला कोन अडवतंय ते मी दारात हुबी राहून बघते.

"माऊली तिकडं खांबाला टेकून ऐकायलाय. ऐकू दे. म्हून तर मोठ्यानं बोलायलेय. लिहिलं का? आता खाली तुमचं काय आसंल ते लिव्हा."

एवढं सांगून ती आत गेली. वरचा मजकूर जसाच्या तसा आहे, मध्ये मी काही घातलेलं नाही. पोस्टातल्या माणसाला ती खोड लागत नाही.

तुझ्या मामांचं मला माहीत नव्हतं. म्हणजे ती माहेरी जात नाही हे दिसत होतं, पण का, ते मी कधी विचारलं नाही. तू मला एक विचारलं होतंस, आणि मी मागच्या पत्रात ते टाळलं. आता लिहितो. माऊली माझ्या कानाशी येऊन बोलला तेव्हा मी काहीच उत्तर दिलं नाही. बहिऱ्या माणसाला गप्प बसण्याची मोठी सोय असते.

शेत अजून माझ्या नावावर आहे. सात तारखेला पूर्णेला मी येणार नाही, आणि मी आलो नाही तर रजिस्ट्री होत नाही. तिघांच्या नावावर करायचं असेल तर पोरांनी मला हाक मारावी. बँकेला तू म्हणतेस तशी सही चालेल का, हे मी स्वतः जाऊन विचारतो. चालली नाही तर लॉन्स पुढच्या वर्षी होईल. परमेश्वरचं लग्न काही लॉन्ससाठी थांबत नाही, ते शाळेच्या पटांगणात लावू.

तू आठ दिवस आधी ये.

आबा

ता. क. ही ओळ पोस्टातल्या टेबलावर लिहितोय, पाकीट अजून चिकटवलेलं नाही. घरून निघालो तेव्हा माऊली मागून आला. म्हणाला, "आबा, थांबा. ते पत्र टाकू नगा." जवळून, जीव तोडून ओरडला, मला एकेक शब्द ऐकू आला. मी मागं वळून पाहिलं नाही, चालत राहिलो. त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याचा दुसरा कानही गेला.